चिंचणीच्या नावाचा माग

बोईसर स्टेशनाबाहेर 'चिंचणी' हे नाव सहसा एकटे ऐकू येत नाही. रिक्षावाले, एसटीचे वाहक, बाजाराला आलेल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी 'चिंचणी-तारापूर' अशी जोडीच असते. दोन गावांच्या मधून खाडी जाते. दक्षिणेला तारापूर, उत्तरेला चिंचणी. तालुकेही वेगळे, तारापूर पालघरमध्ये तर चिंचणी डहाणूत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा दोन्ही गावे नव्या जिल्ह्यात आली आणि जोडी तशीच राहिली.

चिंचणीचा किनारा पाहायला मुंबईहून पुष्कळ माणसे जातात. मी निघालो ते गावाच्या नावासाठी. नाशिकच्या पांडवलेण्यांतला एक तुटका शिलालेख बरेच दिवस डोक्यात घोळत होता. चिंचणीतच सापडलेल्या ताम्रपटांविषयी वाचले होते. आणि या दोन्हींपासून फार लांबचे, जर्मनीतले लाइपझिग शहर त्यांच्याशी मनात जोडले गेले होते. ते कसे, ते पुढे सांगतो.

विरार सुटले की लोकलचा डबा मोकळा होतो आणि खिडकीबाहेर खाजणे दिसू लागतात. वैतरणेचा पूल ओलांडल्यावर सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. या पट्ट्यातली गावे ऐकताना आपला कान सारखा झाडे शोधतो. केळव्यात केळ ऐकू येते, उमरोळीत उंबर. समुद्राच्या बाजूला पोफरण होते, तिथे पोफळ. पुढे गुजरातच्या हद्दीत उंबरगाव. अशा ओळीत चिंचणी आली की तिच्यात चिंच दिसणार हे ठरलेलेच. महाराष्ट्रात चिंचवड आहे, चिंचोल्या तर मोजता येणार नाहीत इतक्या आहेत, मुंबईत चिंचपोकळी आणि चिंचबंदर आहे, आणि सांगली जिल्ह्यात, पंढरपूर तालुक्यातही चिंचणी नावाची गावे आहेत.

बोईसरहून किनाऱ्याकडे जाताना आधी दुसरेच नाव भेटते. रेल्वेलगतच्या औद्योगिक वसाहतीचे नाव तारापूर. १९६९ मध्ये सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचे नावही तारापूर. देशभर माहीत झालेले तारापूर ते हेच. मूळचे तारापूर गाव या दोन्हींपासून बाजूला, खाडीच्या काठी आपल्या जुन्या किल्ल्याजवळ बसले आहे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. वसईच्या मोहिमेची कथा सांगताना लोक वसईपाशी थांबतात. तारापूरच्या तटाखाली सांडलेल्या रक्ताची आठवण फार थोड्यांना असते. खरे म्हणजे वसईच्या आधी उत्तर कोकणातली ही ठाणी एकेक करून हाती आली म्हणून वसई एकटी पडली. असे गाव आपले नाव कारखान्यांना देऊन मागे उभे आहे, हे मला खटकते.

पोफरणचे याच्या उलट झाले. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. माणसे नव्या वसाहतींत गेली आणि नाव बरोबर घेऊन गेली. मूळ जागी आता कुंपण आहे.

खाडीवरचा पूल ओलांडून चिंचणीत शिरलो. जुनी कौलारू घरे, त्यांच्या मधोमध नव्या इमारती, सोनारकामाचे साचे कोरणाऱ्यांची लहान लहान दुकाने आणि किनाऱ्याकडे सुरूची झाडे. ओहोटीची वेळ होती आणि पाणी खूप आत गेले होते. एका दुकानाच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना म्हटले, "काका, गावाला चिंचणी का म्हणतात?" त्यांनी चष्मा काढला. "चिंचा होत्या म्हणून. आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी गावात शिरताना सावलीतूनच यावे लागे. तुम्ही कुठून आलात?" मी मुंबई म्हटले. "मग बसा, चहा घ्या," म्हणाले. चहा घेता घेता त्यांनी आजूबाजूच्या दोन-तीन चिंचा कुठे उरल्या आहेत ते सांगितले. सांगताना त्यांच्या आवाजात कसलीही शंका नव्हती. नंतर मासे घेऊन बसलेल्या एका मावशींनाही विचारले, त्यांनीही हेच सांगितले आणि वर म्हणाल्या, "नावातच आहे की रे बाबा."

नावात आहे हे खरेच. संस्कृतातही चिंचेला 'चिञ्चा' म्हणतात, अमरकोशात तो शब्द आहे. 'चिञ्चिणी' म्हणजेही चिंचेचेच झाड. कुब्जिका या देवीच्या उपासनेतल्या एका जुन्या ग्रंथाच्या नावात, 'चिञ्चिणीमतसारसमुच्चया'त, तो शब्द येतो. म्हणजे गावाच्या नावाला प्रत्यय कुठून आला हे शोधण्याचीही गरज नाही. आख्खा शब्दच तयार आहे. इथवर सारे सरळ आहे.

अडचण येते ती नाशिकला. पांडवलेण्यांतले दहावे लेणे नहपानाच्या जावयाने, उषवदाताने कोरवून घेतले. नहपान हा क्षहरात घराण्यातला क्षत्रप आणि त्याची मुलगी दक्षमित्रा ही उषवदाताची बायको. काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक. त्या लेण्यात उषवदाताच्या दानांचे अनेक लेख आहेत. त्यांतला एक बराच झिजला आहे, ओळी मध्येच तुटतात, पण त्यात गावांची नावे वाचता येतात. तिथे 'दाहनुका नगर' येते, 'केकापूर' येते आणि 'चेचिञ' येते. दाहनुका म्हणजे आपले डहाणू. त्याच्या शेजारचे चेचिञ म्हणजे चिंचणी, असा अंदाज ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात मांडलेला आहे. दोन शेजारची गावे दगडावरही शेजारी येतात, त्यामुळे मला ही ओळख पटते.

पण 'चेचिञ' मध्ये चिंच कुठे आहे? लेण्यांतल्या प्राकृतात अनुस्वार गाळण्याची सवय होती, म्हणून पहिल्या अक्षरावर अनुस्वार नाही एवढ्याने चिंच बाद होत नाही. अडतो तो 'चे' वरचा एकार. झाडाचा शब्द 'चि'ने सुरू होतो, गावाचे जुने नाव 'चे'ने. लिहिणाऱ्याच्या कानाचा दोष म्हणावा तर याच लेण्यात दाहनुका, दमण, सोर्पारग ही नावे त्याने अशी लिहिली आहेत की आजही डहाणू, दमण, सोपारा चटकन ओळखू येतात. माझे मत असे, की गावाचे नाव आधीपासूनचे आहे आणि चिंचेचा अर्थ त्यात नंतर येऊन बसला. मराठी कानाला 'चेचिञ' निरर्थक वाटले, समोर चिंचेची झाडे होती, आणि शब्द त्या झाडाकडे वळला.

असे शेजारीच घडलेले दिसते. डहाणूत कुणालाही विचारा, 'धेनुग्राम' म्हणजे गाईंचे गाव, त्यावरून डहाणू, असे सांगतील. जिल्ह्याची माहिती देणाऱ्या पुस्तिकांतही ते छापलेले असते. उषवदाताच्या लेखांत मात्र दाहनुका हे नगराचे नाव आहे आणि नदीचेही. नदीला आणि तिच्या मुखावरच्या गावाला एकच नाव, हे कोकणात नवे नाही. दमण आणि दमणगंगा तशीच. धेनू या हिशेबात कुठेच बसत नाही. धेनुग्राम हे नंतरच्या माणसांनी प्रेमाने दिलेले स्पष्टीकरण आहे.

इथेच मला लाइपझिग आठवते. भाचा तिथे शिकायला होता, त्याच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा जूनचे दिवस होते आणि लिंडनची झाडे फुललेली होती. बाख जिथे १७२३ पासून मरेपर्यंत काम करत होता त्या टॉमस चर्चच्या बाजूने जाताना तो वास येत होता. भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "मामा, हे लिंडनचे शहर. नावाचा अर्थच तो." तिथले लोकही हेच सांगतात. स्लाव लोक त्या झाडाला 'लिपा' म्हणतात, त्यावरून लिप्स्क, लिंडनची जागा, आणि जर्मनांच्या तोंडी लाइपझिग. पोलिश भाषेत आजही शहराचे नाव लिप्स्कच आहे. शहराची लाडकी ओळख 'लिंडनचे शहर' हीच.

पण त्या शहराचा पहिला लेखी उल्लेख आहे थिटमार नावाच्या बिशपाच्या लॅटिन बखरीत. मायसेनचा बिशप तिथे मेला त्या प्रसंगात, १०१५ सालच्या नोंदीत, गावाचे नाव 'लिब्झी' असे येते. म्हणूनच २०१५ साली शहराने हजारावे वर्ष साजरे केले. या 'लिब्झी'त 'प' नाही, 'ब' आहे. अलीकडच्या भाषाअभ्यासकांनी त्याच एका अक्षरावर बोट ठेवले. नाव लिंडनहून जुने असावे, पाण्याशी, नद्यांच्या प्रदेशाशी त्याचा संबंध असावा आणि लिंडन त्याला मागाहून चिकटला असावा, असे त्यांचे म्हणणे. तीन नद्या, एल्स्टर, प्लाइसे आणि पार्टे, जिथे जवळ येतात तिथे ते शहर वसले आहे हे पाहिल्यावर त्यांचा मुद्दा दमदार वाटतो. तिथे एका 'ब'ने प्रश्न उभा केला, इथे एका एकाराने. दोन्ही ठिकाणी झाड नावात नंतर उगवले असावे.

म्हणून मी ओट्यावरच्या काकांना खोडून काढले नाही. त्यांनी सांगितलेला अर्थ गावाने कित्येक पिढ्या खरा मानला आहे. तोही नावाच्या इतिहासाचा एक थर आहे. फक्त थर वेगळे ओळखले पाहिजेत. सर्वांत वरच्या थराला पाया समजले की खालचे सगळे दिसेनासे होते.

या गावाच्या पोटात काय काय आहे ते १९५५ साली कळले. चिंचणीत ताम्रपट सापडले. राष्ट्रकूटांपासून शिलाहारांच्या मांडलिकांपर्यंत निरनिराळ्या काळांतले दानलेख त्यांवर आहेत. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. सगळा विषय उत्तरेकडच्या संयानचा, म्हणजे आजच्या गुजरातेतल्या संजाणचा. त्यांतला पहिला लेख शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संयान मंडळाचा कारभार त्या वेळी कोणाकडे होता? ताजिक म्हणजे अरब वंशाच्या एका अधिकाऱ्याकडे. त्याला तो दुसऱ्या कृष्णराजाने दिला होता. लेखात त्याचे नाव 'मधुमति' असे येते, 'सुगतिप' हेही त्याचेच नाव. मधुमति म्हणजे मुहम्मद.

या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. मुहम्मद हे नाव लेखकाच्या कानावर पडले आणि त्याने ते आपल्या भाषेत अर्थ लागेल असे लिहिले. गोड बुद्धीचा, मधुमति. चुकून लिहिले म्हणावे असे ते नाही, कारण पुढच्या शतकातल्या, शके ९५६ च्या म्हणजे १०३४ च्या लेखात संयानच्या व्यापाऱ्यांत 'अल्लिय' आणि 'मधुमत' अशी नावे येतात. अली आणि मुहम्मद. शिलाहारांच्या लेखांत 'हंजमन' असाही शब्द आढळतो, अभ्यासक तो पारशांच्या अंजुमनशी जोडतात. परका शब्द आपल्या जिभेवर बसवायचा आणि जमले तर त्याला अर्थही द्यायचा, ही या किनाऱ्याची जुनी रीत. चेचिञची चिंचणी झाली ती याच रीतीने, असे मी समजतो.

आणि उलट बाजूनेही हेच झाले. चिंच हे झाड मुळात आफ्रिकेचे, पण भारतात ते इतके जुने आणि इतके आपले की अरबांनी तिला नाव दिले 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजांचे टॅमरिंड आले आणि वनस्पतीशास्त्रातले टॅमरिंडस इंडिकाही. संयानच्या त्या मधुमतीच्या घरी चिंचेला तमर हिंदी म्हणत असतील आणि दारातल्या नोकरांच्या तोंडी चिंचेचा देशी शब्द असेल.

मधुमतीने काय केले तेही सांगितले पाहिजे. त्याने दोन प्रवाहांवर फुकट तर चालवली, म्हणजे पैसे न घेता माणसे पार करणाऱ्या नावा. संयानला अन्नछत्र घातले, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. त्याच्या काळात देवीची मठिका, म्हणजे लहान मठ, उभी राहिली आणि तिच्यासाठी जमिनीचे दान झाले. राजा राष्ट्रकूट, अधिकारी अरब मुसलमान, मठिका देवीची. पुढे १०३४ च्या लेखात शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याने याच मठिकेला एक तेलाचा घाणा दिला, देवीपुढे दिवा लागावा आणि आलेल्या ब्राह्मणांच्या पायांना तेल मिळावे म्हणून. घाण्यासाठी ताम्रपटात 'घाणक' शब्द आहे, तो आपल्या बोलीत अजून चालतो.

आता नाशिकच्या उषवदाताकडे परत पाहा. त्याच्या मोठ्या लेखात तो सांगतो, की त्याने पारादा, दमण, तापी, दाहनुका आणि आणखी नद्यांवर पुण्यासाठी नावा ठेवल्या, त्यांच्या दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया बांधल्या. नानंगोल गावी नारळाच्या बत्तीस हजार झाडांचे दान केले. नानंगोल म्हणजे संजाणजवळचे नारगोळ. शक जावई आणि अरब अधिकारी यांच्यात आठशे वर्षांचे अंतर आहे. दोघेही बाहेरून आलेल्या घराण्यांतले. तरी दोघांनी याच किनाऱ्यावर पहिली गरज ओळखली ती खाडी ओलांडण्याची. इथे दर काही मैलांवर खाडी आडवी येते, भरतीच्या वेळी पलीकडचे गाव परदेश होते. मी तारापूर-चिंचणीचा पूल ओलांडून आलो तेव्हा हे एवढे जाणवले नव्हते. ओहोटी संपून पाणी वर चढू लागल्यावर काठावर उभे राहिलो तेव्हा जाणवले.

संजाणच्या नावाचीही एक कथा आहे. 'किस्से-संजाण' या काव्यात पारशांच्या आगमनाची हकिकत आहे. त्यात म्हटले आहे, की राजाने दिलेल्या जागेला पारशांनीच संजाण नाव दिले. खुरासानात त्याच नावाचे गाव होते, त्यामुळे पुष्कळांना ते पटते. म्हणजे एकाच किनाऱ्यावर एक नाव झाडाने सांगितले जाते, एक गाईंनी, आणि एक समुद्रापलीकडून आणलेले म्हणून. प्रत्येक गावाने आपल्याला जे प्रिय होते ते नावात ठेवले.

चिंचणीहून उत्तरेला वरोर आणि त्यापुढे वाढवण. मी वरोरपर्यंत गेलो. किनाऱ्यावर वलांड्या उभ्या होत्या, त्यांवर बोंबील वाळत होते. वाढवणसमोरच्या समुद्रात सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे मोठे बंदर होऊ घातले आहे, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. इथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. बंदराच्या फायद्यातोट्याचा हिशेब मांडणारे पुष्कळ आहेत. मला काळजी नावांची वाटली. बंदरासाठी समुद्रात भर घालून जमीन तयार करायची आहे. जिथे भर पडेल तिथल्या खडकांना, खोलगट जागांना, मासे लागण्याच्या ठिकाणांना मांगेल्यांनी आणि कोळ्यांनी दिलेली नावे आहेत. जमिनीच्या नावाला निदान सातबारा असतो. समुद्रातल्या खडकाचे नाव कुठल्या कागदावर असते? ते म्हाताऱ्या तांडेलाच्या तोंडी असते, आणि त्याच्या मुलाने होडी सोडली की तिथेच संपते.

उषवदाताच्या लेखकाने एकोणीसशे वर्षांपूर्वी एका लहान गावाचे नाव दगडावर घातले म्हणून आज आपण चिंचेच्या पलीकडे पाहू शकतो. थिटमारने गावाचे नाव लिहिले म्हणून लाइपझिगच्या लोकांना लिंडनच्या आधीचे शहर शोधता येते. दोघांनाही त्या नावाचा अर्थ सांगायचा नव्हता. जे कानाला ऐकू आले ते त्यांनी उतरवले, आणि तेवढेच आज उपयोगी पडत आहे.

चिंचणी, तारापूर, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू इथल्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांना एक वही द्या. घरातल्या आजी-आजोबांकडून पाड्यांची, विहिरींची, शेतांची, बांधांची, खाजणांची, समुद्रातल्या खडकांची नावे ते म्हणतात तशीच लिहून आणायला सांगा. शुद्धलेखन सुधारू नका. नावाचा अर्थ सांगितला तर तोही लिहा, पण वेगळ्या रकान्यात, आणि सांगणाऱ्याचे गाव व लिहिल्याची तारीख घाला. भरलेल्या वह्यांची एक प्रत शाळेत ठेवा आणि दुसरी ग्रामपंचायतीत. बंदराचे काम सुरू झाले आहे, तेव्हा ही वही याच वर्षी सुरू करा.